एचआरवर पॉडकास्ट करणाऱ्या मंडळींनो, एकदा माईक घेऊन कुपवाडला या

प्रति,
मराठीत एचआर, लीडरशिप आणि बदलतं वर्कप्लेस या विषयांवर पॉडकास्ट करणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कारखान्यात एचआरला आहे. एचआर हे कार्डावर, बाकी कारखान्यात सगळे अजून टाइम ऑफिसच म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही, कारण काम तेच आहे. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), गेटपास, कँटीनच्या भाजीची तक्रार, आणि मधेच लाईनवर कुणाची जुंपली तर ते सोडवायला जाणं. तुमचे एपिसोड मी ऐकतो. विश्रामबागहून गाडीवर येता-जाता एका कानात (दुसरा कान ट्रकवाल्यांसाठी मोकळा ठेवावा लागतो, आमचा रस्ता बघितलाय का तुम्ही?) आणि महिनाअखेरीला हजेरीचं मस्टर जुळवायला बसलो की दोन्ही कानांत.

मराठीत या विषयावर कुणीतरी बोलतंय हेच आधी मला भारी वाटतं. आमच्या वेळी एमएसडब्ल्यू किंवा लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा केलेल्या माणसाला कायदा सोडला तर मराठीत ऐकायला काहीच नव्हतं. तुमच्यातल्या काहींचं फीडबॅक कसा द्यावा, नवीन मॅनेजर लोक कुठं चुकतात, असलं मी खरंच वापरलंय, आमच्या सुपरवायझर मंडळींना गाडीत बसवून ऐकवलंय पण. तेव्हा हे पत्र चिडून लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसलीय ती सांगून टाकतो.

तुमच्याकडं पाहुणा म्हणून जो येतो तो कायम कामावर घेणारा असतो. फाउंडर, सीईओ, सीएचआरओ (एचआरचा सगळ्यात वरचा साहेब), कोच, नाहीतर पुस्तक लिहिलेला कुणीतरी. कामावर घेतलेला माणूस कधीच येत नाही. लीडरशिप कशी असावी हे लीडरलाच विचारून काय कळणार ओ? तो चांगलंच सांगणार. ज्याच्यावर ती चालवली जाते त्या फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या) हेल्परला विचारा, तो दोन वाक्यात सांगून मोकळा होईल आणि त्यातलं एक तुम्हाला कापावं लागेल.

आता ते ७० तासांचंच घ्या. इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०२३ च्या ऑक्टोबरात तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हणाले तेसुद्धा एका पॉडकास्टवरच, आणि २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या चेअरमनसाहेबांचं ९० तासांचं आलं, मग महिनाभर तुम्ही सगळ्यांनी त्यावर एपिसोड केले. बर्नआउट, बाउंड्री, जेन झी, सगळं झालं. मी ऐकत होतो आणि माझ्यासमोर मस्टर उघडं होतं. बारा तासाची शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस, झाले की ७२. एमआयडीसीत कुठल्याही गल्लीत जावा, ठेकेदाराच्या माणसांच्यात असे ७२ वाले सापडतील, त्यांना कुणी राष्ट्रनिर्माण म्हणत नाही आणि बर्नआउट पण म्हणत नाही. कायदा सांगतो आठवड्याला ४८ तास, त्याच्यावरचं दुप्पट दरानं. आता ते दुप्पट खरंच दुप्पट मिळतंय का 'जादा हजेरी' म्हणून सिंगलच लावलंय, हा प्रश्न एकाही एपिसोडमध्ये आला नाही. म्हणजे ७० तास काम करावं का नको यावर चर्चा, पण त्या तासांचे पैसे कुठल्या दरानं, ते राहिलंच.

फ्लेक्सिबल वर्किंगवर तर तुम्ही लोक इतकं बोलता आणि तुम्हाला वाटतं हे कोविडनंतर आलं. आमच्याकडं शिफ्ट कुणी ठरवत असेल तर महावितरण ठरवतं. हसू नका. आमचे निम्मे ऑपरेटर मालगाव, बेडग, सावळी, कवठेपिरान अशा गावांतनं येतात, घरी एकर-दीड एकर ऊस नाहीतर द्राक्ष. शेतीपंपाला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री (काही ठिकाणी सोलरमुळं आता दिवसा मिळाय लागलीय, सगळीकडं नाही). मग शनिवारी टाइम ऑफिसच्या खिडकीत येऊन गडी म्हणतो, "साहेब, ह्या आठवड्यात लाईट रात्रीची हाय, मला फर्स्ट द्या." म्हणजे दिवसभर इथं, रात्री पाण्याच्या दाऱ्यावर, सकाळी सातला परत पंचिंगला. आणि त्याच्याशी शिफ्ट बदलणारा पण तसलाच, फक्त त्याचा फीडर वेगळा. हे सगळं ते आपापसात जुळवतात, मी फक्त सही करतो. वर्क-लाइफ बॅलन्सवर बोलायला मला ह्या माणसांइतका अनुभवी पाहुणा दुसरा कोण दिसत नाही. ॲट्रिशन (माणसं सोडून जाणं) आणि ॲबसेंटीझमचं (दांड्यांचं) पण तेच, बेंदूर, गावची जत्रा, ऑक्टोबरची छाटणी, ह्या तारखा ज्याला पाठ नाहीत तो आमच्याकडं एचआर करू शकत नाही, कितीही डॅशबोर्ड बनवू दे.

कल्चरचं बोलतो थोडं. 'आमची कंपनी एक फॅमिली आहे' हे वाक्य तुमच्या शोमध्ये जो पाहुणा म्हणेल त्याला लगेच पुढचा प्रश्न टाका की फॅमिलीतले किती जण कंपनीच्या रोलवर आणि किती ठेकेदाराकडं? आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक देता का? ब्रेक म्हणजे काय हे तुमच्या ऐकणाऱ्यांना माहीत नसेल तर सांगतो. आपल्या महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये टेंपररी कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला परमनंट करायची तरतूद. म्हणून मग कित्येक ठिकाणी ते भरायच्या आत पोराला सांगितलं जातं, जा घरी, एक-दोन महिन्यांनी परत ये, नवीन नंबरनं. पोरगं पण शहाणं असतंय, ते शेजारच्या कारखान्यात लागतं, तिथला ब्रेक झाला की इकडं. असं करत तिशी ओलांडते, हातात पाच-सहा कारखान्यांचे गेटपास, आणि लग्नाच्या बाजारात 'पर्मनंट हाय का' एवढाच प्रश्न. घरच्या पोराला कुणी २४० दिवस मोजून बाहेर काढत नाही. एंगेजमेंट सर्व्हेत हा माणूस येतच नाही, कारण सर्व्हे ईमेलवर जातो आणि त्याला कंपनीचा ईमेल आयडीच नसतो.

आता मी जिथं रोज बसतो तिथलं सांगतो, एआय आणि डिजिटल एचआरवर तुमचे इतके एपिसोड झालेत म्हणून.

आमच्याकडं आधी बोटाचं मशीन होतं. मोल्डिंगला वाळू आणि फेटलिंगला ग्राइंडर, वर्ष-दोन वर्षं काम केलेल्या माणसाच्या बोटावर रेषाच नीट राहत नाहीत. मशीन म्हणतं ट्राय अगेन. मागं लाइन, शिफ्टचा भोंगा झालेला, गडी बोट पँटला पुसतोय, जिभेला लावतोय, परत ठेवतोय, परत ट्राय अगेन. ज्यानं वर्षभर इमानदारीत काम केलं त्याचीच हजेरी मशीन घेत नाही, आणि नवीन आलेल्या ट्रेनीची एका फटक्यात. मग आम्ही चेहऱ्याचं मशीन आणलं. ते बरं आहे, फक्त फर्नेसवाल्यानं तोंड धुवून यायला लागतं.

हजेरी झाली तर मग पीएफ. आमच्या भागात माणसाचं नाव एक नसतं. शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब, आधारला बाळासो, बँकेत बाळू, आणि मागच्या कारखान्यातल्या कुणीतरी घाईत इंग्लिशमध्ये टाइप करताना एक अक्षर जास्त दाबलेलं. जन्मतारीख बहुतेकांची १ जून. अशा माणसाला बहिणीच्या लग्नासाठी पीएफचा ॲडव्हान्स पाहिजे असतो, क्लेम टाकला की रिजेक्ट, नाव जुळत नाही. जॉइंट डिक्लरेशन (नाव दुरुस्तीचा, कामगार आणि मालक दोघांचा मिळून अर्ज) करायचं तर जुना कारखाना बंद पडलेला. जुन्या कारखान्यानं सोडल्याची तारीखच भरलेली नाही, म्हणून ट्रान्सफर अडकलं. एकाच्या नावावर तीन-तीन यूएएन (पीएफचा कायमचा नंबर, खरं तर एकच पाहिजे). हे सोडवायला मी आणि तो गडी लंच टायमाला कॉम्प्युटरसमोर बसतो, ओटीपी येतो तो मोबाईल बायकोकडं, बायको द्राक्षाच्या बागेत विरळणीला, तिथं रेंज नाही. हा माझा एम्प्लॉयी एक्स्पीरियन्स. आणि खरं सांगू का, ज्या दिवशी असा एक क्लेम पास होऊन पैसे खात्यात पडतात त्यानंतर तो माणूस मला जे मानतो ते कुठल्या लीडरशिप वर्कशॉपनं मिळत नाही. ट्रस्ट बिल्डिंगवर तुमचा तासाभराचा एपिसोड होता ना, त्यात पीएफ हा शब्द एकदा पण नाही आला.

तुम्ही म्हणाल हे कंप्लायन्स झालं, आमचा शो स्ट्रॅटेजिक एचआरवर आहे. अहो ज्याचा पगार बारा-पंधरा हजार आहे त्याच्यासाठी कंप्लायन्स हीच स्ट्रॅटेजी.

लेबर कोडच्या वेळी पण हेच झालं. जुने कामगार कायदे एकत्र करून आणलेले चारही कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आणि सगळ्या शोमध्ये एकच विषय, पगाराच्या व्याख्येतल्या ५० टक्क्यांमुळं (अलाउन्स निम्म्याच्या वर गेले तर वरचे पगारातच धरायचे) टेक होम कमी होणार का. ज्यांच्या सीटीसीत अलाउन्सच जास्त असतात त्यांचा तो प्रश्न बरोबर आहे. पण मिनिमम वेजवरच्या माणसाचा सगळा पगार बेसिक आणि स्पेशल अलाउन्समध्येच संपतो, त्याला त्या ५० टक्क्यांनी काय फरक पडतो? त्याच्या कामाच्या गोष्टी वेगळ्या होत्या. प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर. फिक्स टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला) पाच वर्षं न थांबता एका वर्षावर ग्रॅच्युइटी. नोकरी सुटल्यावर पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. चाळिशीच्या पुढच्यांची वर्षातनं एकदा फुकट तपासणी. यातलं अपॉइंटमेंट लेटर बघा, आमच्याकडं अशी माणसं आहेत की ज्यांनी वीस वर्षं ठेकेदाराकडं काम केलं आणि आयुष्यात एक कागद मिळाला नाही. बँकेत लोन मागायला गेला तर काय दाखवणार? गेटपास? यावर एक एपिसोड करा, सोप्या मराठीत, वीस मिनिटाचा, मी स्वतः तो आमच्या सगळ्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकतो. ठेकेदारांच्या ग्रुपवर तर आधी टाकतो.

बायकांच्या रात्रपाळीचं पण कोडमध्ये आहे, त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर चालेल म्हणून. डायव्हर्सिटीवाल्या एपिसोडमध्ये त्याचं स्वागत झालं, छान. फक्त रात्री बाराला सेकंड सुटल्यावर बेडगला जायला काय आहे ते कुणी विचारलं नाही. आणि पॉश कमिटी (कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी), दहा माणसं असली की कायद्यानं पाहिजेच, तो बोर्ड एमआयडीसीत बऱ्याच गेटवर लागलेला दिसेल, त्यातली एखादी मेंबर कधीच नोकरी सोडून गेलेली असते, नंबर लावून बघा.

आता माझा आवडता विषय, आणि इथं थोडं लांबणार आहे.

फ्यूचर ऑफ वर्क म्हणून तुम्ही गिग वर्कर घेता. डिलिव्हरी करणारा पोरगा, त्याचा मालक कोण, त्याला पीएफ कोण देणार, तो एकाच वेळी तीन ॲपवर असतो मग जबाबदारी कुणाची, हे सगळं जगात पहिल्यांदाच घडतंय अशा थाटात बोललं जातं, आणि उदाहरणं कॅलिफोर्निया आणि लंडनची. अहो सांगलीच्या मार्केट यार्डात या की. हळदीची पोती उचलणारा हमाल सकाळी एका अडत्याकडं, दुपारी दुसऱ्याकडं, संध्याकाळी बेदाण्याच्या गाडीवर. त्याचा मालक कोण? हा प्रश्न आपल्या राज्यात १९६९ सालीच सोडवलाय, माथाडी कायदा करून. आणि त्यासाठी माथाड्यांची संघटना बांधून जे लढले ते अण्णासाहेब पाटील आपल्या साताऱ्याचे, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांची डोकी किती पुढं चालत होती बघा. मालक एक नाही ना, मग मधे बोर्ड आणा. कामगाराची नोंदणी बोर्डाकडं, मालकाची पण बोर्डाकडं. मजुरी बोर्डात भरायची, वर टक्केवारीनं लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतनं त्या माणसाला पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी. त्यानं दिवसात पाच ठिकाणी काम केलं तरी हिशोब एका ठिकाणी.

आता सोशल सिक्युरिटी कोडमध्ये काय आलंय? ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के फंडात टाकायचे. राजस्थाननं २०२३ ला गिग कामगारांचा कायदा केला, त्यात काय आहे? बोर्ड, नोंदणी, आणि प्रत्येक व्यवहारावर फी. ओळखीचं वाटतंय ना? माथाडी बोर्डांत भानगडी नाहीत असं मी म्हणत नाही, खोटे माथाडी, खंडणी, हे सगळं आम्ही एमआयडीसीत बघतो आणि उद्योजकांची त्यावरची तक्रार सगळीच खोटी नाही. पण म्हणून तर एपिसोड करा. एका बाजूला बोर्डाचं कार्ड असलेला म्हातारा हमाल बसवा, दुसऱ्या बाजूला विश्रामबागच्या चौकात बॅग घेऊन थांबलेला डिलिव्हरीचा पोरगा, एखादा अडत्या पण बोलवा, आणि दोघांना एकमेकांचा महिन्याचा हिशोब विचारू द्या. तुम्ही मधे मधे बोलू नका. असला एपिसोड इंग्लिशवाल्यांना जमणारच नाही, हा माल आपल्याकडंच आहे.

किर्लोस्करवाडीचं नाव तरी घ्या. इथनं पलूसच्या बाजूला, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला माळरानावर कारखाना आणि गाव वसवलं, आणि जेलमधनं सुटून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. आज आम्ही पोलीस व्हेरिफिकेशन आल्याशिवाय हाउसकीपिंगला पण माणूस घेत नाही. सेकंड चान्स हायरिंगवर परदेशी कंपन्यांचे दाखले ऐकताना मला सारखं वाटतं, हे गूगल करणाऱ्याला अजून थोडं खाली स्क्रोल करायला काय झालं होतं.

आणि क्रायसिस लीडरशिप म्हणून कोविडच किती वर्षं चघळणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. निम्मी सांगली पाण्यात, कुपवाड उंचावर म्हणून कारखाने कोरडे, पण माणसं येणार कुठनं? मग प्रत्येक मालकासमोर एकच प्रश्न, ह्या दिवसांचा पगार द्यायचा, रजेतनं कापायचा, का बिनपगारी लावायची? कुणी काय केलं हे अख्ख्या एमआयडीसीला आजपण तोंडपाठ आहे. ज्यांनी दिला त्यांच्याकडं नंतर माणूस टिकला का, हे तुम्ही येऊन विचारा. माझं मत मी इथं लिहीत नाही, मला नोकरी करायचीय.

तर मागणी काय? स्टुडिओ सोडा असं नाही म्हणत, पण पाच एपिसोडला एक तरी असा करा ज्यात पाहुण्याच्या नावापुढं पद नसेल. मालक आला तर त्याला व्हिजन नंतर विचारा, आधी पगार किती तारखेला होतो ते विचारा, मागच्या वर्षी कोण कोण सोडून गेलं आणि त्यांचा फुल अँड फायनल किती दिवसांत दिला ते विचारा. एचआरवाल्याला बोलवलं तर आमच्यासारख्या तीनशे माणसांच्या कारखान्यातला एकटा एचआर पण बोलवा, ज्याच्याकडं टीम म्हणून एक क्लार्क आणि एक वॉचमन असतो. आणि आवाजाची काळजी करू नका. मागं कॉम्प्रेसर चालू असला तर असू दे, आम्ही पण तुमचे एपिसोड तसेच ऐकतो.

नावं मात्र लावू नका कामगारांची. आवाज बदलून घ्या, गावाचं नाव काढा. एक पोरगं कँटीनच्या रीलमध्ये डाळीबद्दल बोललं म्हणून शेजारच्या युनिटमध्ये दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं होतं, त्यामुळं मोकळं बोला म्हणालात तर कुणी तोंड उघडणार नाही, आधी तेवढी खात्री द्यायला लागेल.

यायचं ठरलं तर तारखेचं तेवढं बघा. सात तारखेपर्यंत पगाराचं असतं, त्याच्यापुढं पंधरापर्यंत पीएफ-ईएसआयचं चलन, त्या दिवसांत मला पाणी प्यायला वेळ नसतो. सोळाच्या पुढं कधीही या, फक्त सेकंड शिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे जाणारे आणि येणारे दोन्ही गेटवर भेटतील. चहा टपरीवरचा, कँटीनचा देणार नाही.

आपला,
कुपवाड एमआयडीसीतला एक टाइम ऑफिसवाला